तपकिरी कडांचे टायर, पण टिकाऊ पाहिजेत
सायकलच्या जुन्या स्टीलच्या फ्रेमला पूर्ण काळे टायर मला बघवत नाहीत, तिला तपकिरी कडाच शोभतात. पण साताऱ्यात नुसतं दिसणं बघून चालत नाही राव, यवतेश्वरचा घाट चढून कासकडं जायचं म्हणजे खडी आणि काटे आलेच. त्यामुळं घेताना टायरची कड, म्हणजे बाजूची भिंत, बोटांनी चाचपून बघा, स्किनवॉल असेल तर आतलं कापड जवळजवळ उघडंच असतं, हलकं, देखणं, पण धारदार खडीनं पटकन चिरतं, गमवॉलला त्यावर तपकिरी रबराचा थर असतो म्हणून आपल्याकडं तोच बरा. ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली, पंक्चर बेल्ट (काटे आत घुसू नयेत म्हणून दिलेला पट्टा) आहे का तेपण विचारा.

दिसायला मला जपानी पॅनारेसर कंपनीचा पासेला टायर सगळ्यात आवडतो, कॉन्टिनेन्टलचा गेटरस्किन दणकट, पण काळा. रुंदी शक्यतो २८ एमएम घ्या, हवा जरा कमी ठेवून खड्डे सोसतात, फक्त ब्रेकखाली जागा आहे ना ते आधी बघा, जुन्या कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या ब्रेकमध्ये, कधीकधी २५ च कसाबसा बसतो. आणि रिम ब्रेक (चाकाच्या रिंगवर घासणारे) असतील तर पावसाळ्यात ब्रेकची काळी घाण कडांवर बसणारच, घरी आल्या आल्या ओल्या फडक्यानं पुसून टाका, वाळली की डाग निघता निघत नाही.