आवाजावर काय घेता, भाऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बाजार समितीच्या आवारात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गेलो तरी मला हाच प्रश्न येतो. "भाऊ, तुमचा आवाज गेला होता ना? मग परत कसा आला? काय घेता त्याच्यावर?" विचारणारा स्वतःसाठी कधीच विचारत नाही. 'आमच्या एका माणसासाठी' विचारतो. तो एक माणूस कोण, हे त्याच्या घोगऱ्या आवाजावरूनच कळतं.

मी काही घेत नाही, हे खरं उत्तर. पण ते सांगितलं की समोरचा नाराज होतो. त्याला मुळी, काढा, निदान एखाद्या गोळीचं नाव तरी हवं असतं. मी औषध लपवून राहिलो असं एकाने तोंडावर म्हटलं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझं काम हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, बोलण्याचं. वर्धा जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत, एका अडत्याकडे, बावीस वर्षं झाली. दसरा झाला की सोयाबीनच्या गाड्या लागतात. या ढिगावरून त्या ढिगावर जायचं, सोबत दहा-बारा व्यापारी, मागे शेतकरी, बाजूला हमाल आणि मापारी, आणि आपण बोलत सुटायचं. एकेचाळीसशे, एकेचाळीसशे दहा, पंचवीस, पंचवीस, बोला शेठ, एकेचाळीसशे पन्नास. ढिगाला दोन मिनिटं धरली तरी दिवसाला कितीतरी तास घसा चालूच. शेजारी चाळणी घरघरत असते, तिच्या वर आवाज न्यावा लागतो. धूळ इतकी की संध्याकाळी दुपट्टा झटकला तर पसाभर माती निघावी. आणि गालात खर्रा. पन्नीत घोटलेला, सुपारी-तंबाखू-चुन्याचा, दिवसाला तीन पुड्या. हे न सांगता पुढचं सांगितलं तर ते खोटं ठरेल.

सीझनमध्ये आवाज दरवर्षीच बसायचा आणि माल संपला की उठायचा. चार वर्षांपूर्वी दिवाळीत बसला तो उठलाच नाही. तुरीचा सीझन आला, चना आला, उन्हाळा लागला, तरी तसाच. सकाळी थोडा बरा, दुपारपर्यंत फाटका, संध्याकाळी नुसती हवा. फोनवर मामा विचारायचा, "कोण बोलून राहिलं बाप्पा?"

त्या अकरा महिन्यांत काय काय घेतलं! जेष्ठमध चघळला. हळदीचं दूध झालं, अडुळशाचा काढा झाला, मिठाच्या गुळण्या तर रोजच्या. एका डॉक्टरकडे तीनदा गेलो. त्यांनी दर वेळी इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि खोकल्याची बाटली दिली, शेवटी ॲसिडिटीच्या गोळ्या चालू केल्या. त्यांची नियत वाईट नव्हती. पण अकरा महिन्यांत माझ्या घशात सगळं काही गेलं, कोणाची नजर तेवढी गेली नाही. टॉर्च मारून 'आ करा' म्हणतात तेव्हा दिसतो तो टाळू आणि पडजीभ. आवाज तयार होतो त्याच्याही खाली, जिभेच्या मुळामागे, कंठात, म्हणजे स्वरयंत्रात. तिथे टॉर्च पोचत नाही.

मी स्वतःही हातभार लावत होतोच. दर दोन मिनिटांनी खाकरायचो, म्हणजे आधीच सुजलेल्या स्वरपट्ट्या, ज्यांच्या थरथरण्यातून आवाज निघतो त्या, एकमेकींवर आपटायचो. आवाजाला आराम द्यायचा म्हणून घरी कुजबुजत बोलायचो. जोर लावून केलेली कुजबुज हा आराम नसतो, त्यातही घसा ताणला जातो, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी पुतण्याने गाडीवर बसवून सेवाग्रामला नेलं. नाक-कान-घशाच्या ओपीडीत बाकावर माझ्या शेजारी एक आजी होत्या. आवाज नुसता वाऱ्यासारखा, आणि पाणी प्यायल्या की ठसका. डॉक्टरांनी आजींच्या छातीचा सीटी स्कॅन त्यांच्या मुलाकडे लिहून दिला होता. तो वैतागून मला म्हणाला, "गळा दुखते तर छातीचा फोटो कायले?" मलाही ते पटलं नव्हतं. माझा नंबर लागल्यावर मी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, डाव्या स्वरपट्टीची नस मेंदूकडून सरळ कंठात येत नाही. ती आधी छातीत उतरते, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालते आणि परत वर चढते. त्यामुळे छातीत एखादी गाठ त्या नसेवर आली तर आवाज जाऊ शकतो. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये नसेला धक्का लागला तरी तेच. पट्टी हलत नाही, फट राहते, फटीतून हवा जाते आणि पाणीही श्वासनलिकेत उतरतं. मग ती निकामी पट्टी इंजेक्शनने फुगवून किंवा गळ्यातून आधार बसवून मध्ये सरकवतात. आजींचं पुढे काय झालं कळलं नाही. मुलगा मात्र स्कॅनच्या रांगेत उभा दिसला.

मग माझी पाळी. डॉक्टरांनी माझी जीभ कापडात धरून बाहेर ओढली, कांडीसारखी दुर्बीण तोंडातून आत घातली आणि म्हणाले, "ईऽऽ म्हणा." उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं, पण समोरच्या पडद्यावर मी माझा आवाज पाहिला. दोन पांढुरक्या पट्ट्या, उघडल्या की उलट्या व्हीसारख्या, ई म्हटलं की मिटणाऱ्या. उजवीच्या काठावर मेथीच्या दाण्याएवढा लालसर फोड. त्याच्यामुळे पट्ट्या नीट मिटतच नव्हत्या. पॉलिप, ते म्हणाले. ओरडून ओरडून आलेला. असा फोड सहसा एकाच पट्टीवर असतो. शिक्षकांना, गाणाऱ्यांना, ओरडणाऱ्या पोरांना दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर गाठी येतात, त्या बहुतेकदा नुसत्या व्यायामाने जिरतात. माझ्याला मात्र शस्त्रक्रिया.

पुरुष बोलतो तेव्हा या पट्ट्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकींना भिडतात, बाईच्या दोनशेच्या आसपास. मी हिशेबाचा माणूस. सलग तासभर आवाज लावला तर साडेतीन लाखांच्या वर टाळ्या. बावीस सीझनचा गुणाकार मग केला नाही.

नंतर वाचलं की जिवंत माणसाच्या या पट्ट्या हलताना नीट पाहणारा कोणी डॉक्टर नव्हताच. गाणं शिकवणारा होता, मॅन्युएल गार्सिया. 1854 साली पॅरिसमध्ये त्याने दातांच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा आरसा स्वतःच्या घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्याचं ऊन पाडलं, आणि आपला गाता कंठ आपणच पाहिला. पुढे 101 वर्षं जगला. आमच्याकडे ऊन तर मोप आहे. आरसाच कोणी धरला नाही.

ऑपरेशन भूल देऊन, तोंडातूनच, मायक्रोस्कोपखाली झालं. गळ्यावर टाका नाही. काढलेला तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट येईपर्यंत आमच्या गावाने मला कॅन्सर करून टाकला. दोघं-तिघं तर भेटूनही गेले. पॉलिप साधा निघाला. पण तो साधा आहे हे बघून आणि तपासूनच कळतं, आवाज ऐकून नाही.

सात दिवस पूर्ण मौन. कुजबूज नाही, खाकरणं नाही. पोरीची जुनी पाटी काढली. मी 'चहा' लिहायचो, बायको पाटी लांब धरून म्हणायची, "अक्षर समजत नाही जी," आणि स्वयंपाकघरात निघून जायची. तिसऱ्या दिवशी तिने तीच पाटी माझ्यापुढे ठेवली. तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'घर किती शांत वाटून राहिलं.' हसायचीही बंदी होती.

खरं औषध त्यानंतर सुरू झालं, आणि हेच लोकांना सांगून पटत नाही. स्पीच थेरपिस्ट मॅडम माझ्या पोरीच्या वयाच्या. मला एकेचाळीसशे, एकेचाळीसशे दहा म्हणायला लावलं आणि माझ्या गळ्यावर बोटं ठेवली. "काका, तुम्ही मानेने बोलता. शिरा बघा कशा तट्ट होतात." मग ग्लासभर पाणी आणि एक स्ट्रॉ दिली. स्ट्रॉचं टोक पाण्यात बोटभर बुडवायचं, गाल सैल सोडायचे आणि 'ऊऽऽ' असा आवाज स्ट्रॉतून सोडायचा. पाण्यात बुडबुडे येत राहिले पाहिजेत. नळी अरुंद असल्यामुळे हवेचा थोडा दाब मागे राहतो आणि त्या दाबावर पट्ट्या आदळण्याऐवजी अलगद भिडतात. दिवसातून चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटं. मग ओठ मिटून 'म्ऽऽ', असा की ओठांना आणि नाकाच्या हाडाला झिणझिण्या याव्यात. त्या झिणझिण्या पकडूनच पुढे शब्द, मग आकडे, मग बोली. दोन-अडीच महिने लागले, निम्मं मोबाईलवरच्या व्हिडिओ कॉलवर. आमच्या तालुक्याला असं माणूसच नाही.

पहिल्या दिवशी आवारात वजनकाट्यामागे उभा राहून बुडबुडे काढले तेव्हा हमाल लोटपोट झाले. आता कोणी बघत नाही. कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि कानामागून येणारा माईक घेतला. बोली पूर्वीपेक्षा खालच्या पट्टीत चालते. चाळणी सुरू असली की मी ढीग सोडून पुढे जातो, अडत्या कितीही डोळे वटारो. पाण्याची बाटली सोबत. सावजीचा रस्सा रात्री दहाला ओरपून लगेच आडवं होणं बंद, कारण पोटातलं आम्ल रात्री कंठापर्यंत चढतं आणि पट्ट्या सुजवतं. म्हणजे त्या डॉक्टरांच्या ॲसिडिटीच्या गोळ्या अगदीच हवेत नव्हत्या, पण न बघता दिलेल्या होत्या. आवाज पहिल्यासारखा झाला नाही. वरचा सूर गेला तो गेलाच. मागच्या वर्षी ग्रामसभेत भांडलो तेव्हा आठवडाभर परत बसला. चूक माझी होती, मुद्दा मात्र बरोबर होता.

एक वेगळं उदाहरण. आमच्याच गावात एक एकोणीस वर्षांचा पोरगा, आवाज बायकी. शाळेत चिडवलं, कॉलेजात चिडवलं, पोराने बोलणंच सोडलं. आई मला विचारायला आली, "काय खाऊ घालू?" मी मॅडमचा पत्ता दिला. आधी डॉक्टरांनी कंठ बघितला, तो वयाप्रमाणे वाढलेला होता. आवाजाची जुनी सवय तेवढी सुटलेली नव्हती. मॅडमनी कंठमणी बोटाने हलकेच दाबून खालचा सूर काढून दिला. काही बैठकांत पोरगा बापासारखा बोलू लागला. पहिल्यांदा घरी फोन केला तेव्हा आईने 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला.

म्हणून विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, किती दिवस झाले? सर्दीने बसलेला आवाज आठ-पंधरा दिवसांत उठतो. तीन आठवडे झाले आणि उठला नाही तर काही घेऊ नका, दाखवा. दुर्बिणीतून बघतील असं ठिकाण गाठा, सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, जे जवळ पडेल ते. तंबाखू-खर्रा-बिडी असेल, गिळताना अडकत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, मानेला गाठ लागत असेल, एकाच कानात ठणका असेल तर तीन आठवडेही थांबू नका. श्वासाला घरघर येत असेल तर त्याच दिवशी निघा.

हे मी एवढं का रेटतो, ते आमच्या आळीतल्या काकांमुळे. त्यांचा आवाज माझ्या आधी वर्षभर बसला होता. बिडी आणि खर्रा दोन्ही. तेही घेतच राहिले, काढे, चाटण, कोणीतरी दिलेला अंगारा. नागपूरला पोचले तेव्हा श्वास लागत होता. स्वरपट्टीचा कॅन्सर लवकर सापडला तर नुसत्या शेकावर, म्हणजे रेडिएशनवर, किंवा लेझरवर बरा होऊ शकतो, आणि आवाजामुळे तो लवकर कळूही शकतो. काकांचा पूर्ण कंठ काढावा लागला.

आता ते गळ्याच्या भोकातून श्वास घेतात. त्यावर पातळ मलमलचा तुकडा बांधलेला असतो, धूळ जाऊ नये म्हणून. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मध्ये एक छोटी झडप बसवली आहे. बोटाने भोक दाबलं की हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथली भिंत थरथरते आणि आवाज येतो, जाडा, तुटक, पण त्यांचा. काही महिन्यांनी झडप गळायला लागते, पाण्याबरोबर खोकला येतो, मग बदलून आणायची. नाकातून हवाच जात नाही म्हणून वास येत नाही. मृगाच्या पहिल्या पावसात सगळे अंगणात आले, काका आतच बसून होते.

तुकडोजी महाराजांच्या भजनाची आमच्या गावाला जुनी सवय, आणि काका खंजिरीचे. आधी तेच वाजवायचे आणि तेच म्हणायचे. आता अडचण अशी की खंजिरीला दोन्ही हात लागतात आणि बोलायला एक बोट गळ्यावर लागतं. गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनेनंतर ते आमच्यात बसतात, आम्ही म्हणतो, ते वाजवतात. शेवटी जयघोषाची वेळ आली की खंजिरी मांडीवर ठेवतात, मलमल बाजूला करतात, बोट गळ्यावर नेतात. आम्ही तेवढं थांबतो.