तुटलेल्या सुयांचं रजिस्टर

2016 साली मी मुंबईतल्या एका बाइंग हाउससाठी, म्हणजे ग्राहकांसाठी कारखान्यांकडून कपडे बनवून घेणाऱ्या कंपनीसाठी, क्वालिटीचं काम बघायचो. ढाक्याच्या उत्तरेला, गाझीपूरच्या एका कारखान्यात आमची लहान मुलांच्या कपड्यांची ऑर्डर चालू होती. शिपमेंटआधीच्या तपासणीला मी तिथे गेलो.

मुलांच्या कपड्यात सुईचा तुकडा राहणं हे आमच्या धंद्यातलं महापाप. सुई मोडली की मशीन थांबवायचं, सगळे तुकडे शोधायचे, चिकटपट्टीने रजिस्टरमध्ये लावायचे आणि शेजारी तारीख, वेळ, मशीन नंबर लिहायचा. एक तुकडा जरी सापडला नाही तरी तिथला माल वेगळा काढून मेटल डिटेक्टरखालून जातो. इथलं रजिस्टर इतकं नेटकं होतं की मी कौतुकाने पानं उलटत राहिलो. टोक, मधला तुकडा, दांडा. जोडले की अख्खी सुई. वेळ 22.50. त्याखाली 23.40. पुढच्या पानावर 00.25.

हजेरीच्या कार्डांवर मात्र त्या दिवशी सगळ्याजणी संध्याकाळी सातला सुटल्या होत्या.

मी दोन्ही कागद प्रॉडक्शन मॅनेजरसमोर ठेवले. तो चिडला नाही. ‘‘दादा, आपका मेल देखिए,’’ म्हणाला. कापडाच्या रंगाची मंजुरी, जिच्याशिवाय शिलाई सुरू होत नाही, ती आम्ही तीन आठवडे उशिरा दिली होती. शिपमेंटची तारीख एका दिवसानेही हलवली नव्हती, आणि उशीर झाला तर माल विमानाने पाठवायचा खर्च कारखान्याच्या माथी. तो मेल मलाही आला होता. मी तो वाचून बाजूला ठेवला होता.

ओव्हरलॉक शिलाई मशीनवरच्या एका मुलीच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. रात्री किती वाजतात, असं विचारल्यावर तिने आधी सुपरवायझरकडे पाहिलं. ओव्हरटाइम तिला हवाच होता. तेव्हाचा महिन्याचा किमान पगार 5,300 टका (बांगलादेशी चलन), त्यातला मूळ पगार 3,000. ओव्हरटाइम मूळ पगाराच्या दुप्पट दराने, म्हणजे तासाला जेमतेम 29 टका पडायचे. सातनंतरचे पैसे वेगळ्या वहीवर, रोख मिळायचे. कधी पूर्ण, कधी कमी.

तीन वर्षांपूर्वी, 24 एप्रिल 2013 ला, ढाक्याजवळच्या सावरमधली राणा प्लाझा ही शिलाई कारखान्यांची इमारत कोसळली होती. आदल्या दिवशी भेगा दिसल्यावर तिथली बँक आणि दुकानं बंद झाली, शिलाई कामगारांना मात्र पुन्हा कामावर बोलावलं गेलं. 1,134 माणसं गेली. त्यानंतर इमारतींच्या तपासण्या सुरू झाल्या, आणि त्यांचा उपयोगही झाला: या कारखान्यातले जिने मोकळे होते, दारांना कुलपं नव्हती. पण ग्राहकाने मंजुरी कधी दिली, यासाठी माझ्या तपासणीच्या फॉर्मवर रकानाच नव्हता.

रात्री हॉटेलवर रिपोर्ट लिहायला बसलो. खरं लिहिलं तर ऑर्डर दुसरीकडे जाईल, आणि सगळ्यात आधी त्या मुलीचं काम सुटेल. नाही लिहिलं तर ती सातला घरी गेली, यावर सही माझी. शेवटी शेऱ्यांच्या जागेत सुयांच्या वेळा लिहिल्या, शेजारी आमच्या मेलची तारीख लिहिली आणि शिपमेंटला दोन आठवडे वाढवून मागितले.

चार दिवस मिळाले. सोबत, कारखान्याने कामाच्या तासांबद्दल लेखी खुलासा द्यावा, अशी सूचना. मेलच्या तारखेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढच्या सीझनचं वेळापत्रक आलं तेव्हा मी पहिल्यांदा शिलाईचे दिवस मोजले. ते तेवढेच होते.