पाचवीच्या बाई आणि आल्फ्रेड बिने

बालमार्गदर्शनाच्या कामात मला आता बरीच वर्षं झाली. बुद्ध्यंक चाचणीची पेटी उघडली की मला आल्फ्रेड बिने आठवतात आणि त्यांच्यामागोमाग आपल्या शाळेतल्या पाचवीच्या बाई.

बिने फ्रान्सचे. शिकले कायदा, मानसशास्त्र मात्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून स्वतःच वाचलं. मादलेन आणि आलिस या आपल्याच लेकी किती वेगवेगळ्या तऱ्हेने विचार करतात, हे त्यांनी बारकाईने टिपून ठेवलं. १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने समिती नेमली. वर्गात मागे पडणारी मुलं ओळखायची कशी, हा प्रश्न होता. शिक्षकाच्या मतावरच सोडलं, तर नुसतं खोडकर पोरही ‘मंद’ ठरायचं. १९०५ मध्ये बिने आणि तरुण डॉक्टर तेओदोर सिमाँ यांनी ३० कसोट्यांची श्रेणी तयार केली. पेटत्या काडीमागे नजर फिरते का, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतला फरक कळतो का, इथपासून सुरुवात. पुढे ऐकलेले आकडे परत म्हणणं, शब्दांचे अर्थ सांगणं.

बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, असं म्हणणाऱ्यांचा बिने यांना मनस्वी राग होता. १९०९ च्या पुस्तकात त्यांनी तो स्पष्ट मांडलाय. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचवले. त्यातला एक म्हणजे पुतळ्यासारखं स्तब्ध उभं राहणं, दर वेळी थोडं अधिक वेळ. बाई धड्याआधी आम्हाला ‘स्टॅच्यू’ करायला लावायच्या, ते हेच! बी.एड.ला शिकलेलं त्या विसरल्या नव्हत्या. आमच्यातल्या सगळ्यात चुळबुळ्या मुलाला त्या पुढे उभं करायच्या आणि आधीपेक्षा जरा जास्त टिकला, की वर्गाला टाळ्या वाजवायला सांगायच्या.

१९११ मध्ये, अवघ्या ५४ व्या वर्षी, बिने गेले. मानसिक वयाला, म्हणजे मूल ज्या वयाच्या सर्वसाधारण मुलाइतकं सोडवतं त्या वयाला, खऱ्या वयाने भागून बुद्ध्यंक काढायची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मांडली ती १९१२ मध्ये. पुढे अमेरिकेत त्याच कसोट्यांनी माणसांवर कायमचे शिक्के मारले गेले, हे मला आजही सलतं. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. मी तीच वापरते.

पालक अहवालातला आकडा तेवढा वाचतात. खालच्या शिफारशी मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते. शाळेतल्या शिक्षकांना या शिफारशी मुलासोबत बसून समजून घ्यायच्या असतील, तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी यायला तयार आहे.