यूसीएलएला ट्रान्सफर घेऊन पटकथा शिकायची असेल तर

आज दिवसभर ट्रान्सफरच्या, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्यात जाण्याच्या, अर्जांचे कच्चे मसुदे वाचले. यूसीएलएच्या (अमेरिकेतलं कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) फिल्म-टीव्ही पदवीला ट्रान्सफरचा प्रवेश थेट तिसऱ्या वर्षात, तोही फक्त फॉलमध्ये, म्हणजे शरद सत्रात. त्याआधी आताच्या कॉलेजच्या पद्धतीनुसार ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट्स, म्हणजे क्रेडिट्स, पूर्ण हवीत. विद्यापीठाचा अर्ज वेगळा, विभागाचा पुरवणी अर्ज वेगळा. दुसरा राहिला की सगळंच गेलं.

पण खरी गोची लेखनाच्या नमुन्यात होते. ‘सीमा उदास आहे, तिला बाबांची आठवण येते.’ अहो, हे पडद्यावर दिसणार कसं? ती बाबांचा चष्मा पुसते आणि परत डबीत ठेवते, एवढंच लिहा. फॉन्ट कूरियर, १२ पॉइंट. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. निबंधात ‘लहानपणापासून सिनेमाची आवड’ नको, आताचं कॉलेज का सोडताय ते सरळ सांगा.