पुणे ते भोर, तीन खेपा: रस्त्याला घातलेल्या शिव्या मागे घेतो

कोथरूडहून पहाटे साडेपाचला निघालो. नवले पूल, कात्रजचा बोगदा, कापूरहोळला उजवीकडे वळून भोर. इथवर सांगण्यासारखं काही नाही. भोरच्या पुढे मित्राच्या काकांचं शेत आहे आणि डांबरी सोडल्यावरचे शेवटचे चार किलोमीटर म्हणजे निव्वळ दगडगोटे. डिकीत रायफल, तिच्यावर नवाकोरा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. प्रत्येक खड्ड्याला माझ्याच पोटात गोळा येत होता.

रायफल म्हणजे नळी खाली वाकवून छर्रा भरायची स्प्रिंगवाली एअर रायफल. नळी ४.५ मिमीची आणि छऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आत, त्यामुळे परवाना लागत नाही. पावती मात्र गाडीत ठेवा. ससा दिसला की ज्यांचे हात शिवशिवतात त्यांनी घरीच बसावं, १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे. आम्ही कागदावर मारतो, २५ मीटरवर, मागे मातीचा उंच बांध.

पहिले पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे बसले. पुढचे पाच चार सेंटीमीटर खाली. या स्कोपची नेमाची चकती एक क्लिक फिरवली की नेम २५ मीटरवर जेमतेम पावणेदोन-दोन मिलिमीटर सरकवतो, म्हणजे मी बावीस क्लिक फिरवले. तिसरे पाच वर गेले, तेही डावीकडे. दुपारपर्यंत दीड डबी छर्रे संपले. दोष कोणाचा? अर्थात त्या चार किलोमीटरांचा. तसाच परत आलो.

दुसऱ्या खेपेला रायफल गादीत गुंडाळून मांडीवर घेतली. तेच रडगाणं. शेवटी काका बाजेवरून उठून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "आरं, ती दुर्बीणच मागं चाललीया की!"

खरंच. रायफलीवरच्या रुळावर, म्हणजे स्कोप बसतो त्या पट्टीवर, स्कोप धरणाऱ्या रिंगेनं ओरखडा काढला होता, चांगला तीन मिलिमीटरचा.

आता ज्यानं हा स्कोप विकला त्या पेठेतल्या दुकानदाराबद्दल. तो मला म्हणाला होता, "साहेब, हा मोठ्या शिकारी रायफलीवर चालतो, तुमच्या छऱ्याच्या बंदुकीनं याला काय होतंय?" ऐकायला पटतं, पण आहे नेमकं उलटं. काडतुसाच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेनं, मागे बसतो. स्प्रिंगवाल्या रायफलीत जड पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटला की ती पुढे झटका खाते. दोन दिशांचे दोन धक्के. रायफल पुढे उडते, स्कोप जागीच राहू बघतो, म्हणून दर छऱ्यागणिक तो केसभर मागे सरकतो. दोन सुट्या रिंगा असल्या तर दोन्ही सारख्या सरकतीलच असं नाही. मग नेम कुठेही जातो. साध्या शिकारी स्कोपच्या आतले भागही या पुढच्या झटक्यानं ढिले होतात.

त्या दोन सुट्या रिंगांचे त्यानं बावीसशे घेतले. तसल्याच मला नंतर नऊशेला दिसल्या. वर रुळाला तेल पुसून दिलं होतं, गंज लागू नये म्हणून! तेलावर काय धरणार कपाळ?

जाणाऱ्यांनी हे पुण्यातच करून निघा, शेतात हात थरथरतात. सुट्या रिंगा नकोत, दोन्ही रिंगा एकाच तुकड्यात असलेला अखंड माउंट घ्या आणि त्याला खाली अटकाव पिन हवीच. रायफलीच्या वर त्या पिनेसाठी भोक असतं, ते नसेल तर मागे वेगळा अडसर बसवा. रूळ आणि स्क्रू स्पिरिटनं पुसून कोरडे करा. स्क्रू तिरपे, आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. जोर दाखवलात तर स्कोपची नळीच चेपते, मी एक चेपून बसलोय. स्कोप आडवा-तिडवा बसला नाही ना हे बघायला काकांनी गवंड्याचा ओळंबा झाडाला टांगून दिला. स्कोपमधल्या फुलीची उभी रेघ त्या दोरीला जुळवली. पाणसळीपेक्षा सोपं.

आणखी एक. शिकारी रायफलीचे स्कोप बहुधा १०० यार्डांना बेतलेले असतात. २५ मीटरवर डोकं जरा हललं की फुली कागदावर नाचते. पुढच्या भिंगाची कडी फिरवून अंतर लावता येतं असाच घ्या. नसेल तर गाल दरवेळी त्याच जागी टेकवा, दुसरा इलाज नाही.

जेवण, पिठलं-भाकरी, धरणाकाठची संध्याकाळ वगैरे झकास झालं.

नवा माउंट लावून तिसऱ्यांदा गेलो तेव्हा रिंग आणि रूळ यांवर मिळून बायकोच्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढली होती. साठ बार काढले. परतताना कात्रजच्या रांगेत अर्धा तास अडकलो, तेव्हा उतरून डिकी उघडून बघितली. रेघ सरळ. मागच्या गाडीवाल्याला काही कळेना की हा माणूस ट्रॅफिकमध्ये हसतोय कशाला.