लेडी न्यासाचं शीड उभारताना

आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन 1864 साली ज्या बोटीतून मुंबईला आला, ती 'लेडी न्यासा' मुळात नदी आणि सरोवरासाठी बांधलेली वाफेवरची बोट. 30 एप्रिलला झांझिबार सोडलं आणि 13 जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर, ती मुंबईला लागली. कोळसा जेमतेम, म्हणून भिस्त शिडांवर. बोटीवर चुमा आणि सुसी हे त्याचे आफ्रिकी साथीदार होते. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचा देह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांचे म्होरके हेच दोघे. म्हणून या बोटीचं जे पोलादी शिल्प आम्ही उभारत होतो, त्यावर तिन्ही नावं एकाच मापाच्या अक्षरांत हवीत, हा माझा आग्रह होता. तो मान्य झाला.

जागा वरळीत, समुद्राला लागून असलेल्या एका खासगी आवारात. शिल्पकाराला कॉर्टेनचा, म्हणजे वरचा गंजाचा थरच ज्याला राखतो अशा पोलादाचा, तांबूस रंग हवा होता. खाऱ्या हवेत कॉर्टेनचा गंज स्थिरावत नाही. क्षार थर सुटा करत राहतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. शेवटी साधं पोलाद, त्यावर गरम जस्ताचा मुलामा आणि वर रंग, असं ठरलं. नावांची पाटी 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची. आरपार कापलेल्या अक्षरांत 'च' आणि 'म' यांची पोटं, म्हणजे अक्षराच्या आतले बंद तुकडे, गळून पडतात, म्हणून प्रत्येक पोटाला 4 मिमीचा जोड ठेवला.

शीड 6 चौरस मीटर, पत्रा 5 मिमी. वजन साधारण 240 किलो. पण मुंबईसाठी धरायचा वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 118 किलो, म्हणजे सगळ्या शिडावर 700 किलो, तेही आकाराचा गुणांक लावण्याआधी. शिडाचा मध्य जमिनीपासून 4 मीटरवर असल्यानं तळाशी 2.8 टन-मीटरची उलथवणारी ताकद येते. बोल्टांच्या दोन रांगांत 600 मिमी अंतर धरलं, तर मागच्या दोन बोल्टांवर मिळून जवळपास पावणेपाच टन ओढ. शिल्प बघणारा वर बघतो. ते टिकतं ते या चार बोल्टांवर.

उभारणीच्या दिवशी गाडी सकाळी उजाडता यायची होती, आली अकराच्या पुढे. एव्हाना समुद्रावरचा वारा उठला होता. वेग सेकंदाला 9 मीटरवर गेला की हुकाला लटकलेल्या शिडाला 30 किलोचा बाजूचा धक्का बसतो आणि ते गरकन फिरतं. दोन्ही बाजूंना दोर धरून माणसं उभी केली तरी आवरत नाही. हायड्रा क्रेनच्या ऑपरेटरनं उचलायला नकार दिला. योग्यच केलं. शीड दुसऱ्या दिवशी पहाटे चढवायचं ठरलं.

दुपार बोटीच्या सांगाड्यात गेली, आणि तिथंच खरं संकट निघालं. पायाच्या काँक्रीटमधला एक बोल्ट 8 मिमी सरकलेला. बोल्ट जागेवर धरणारा साचा, म्हणजे टेम्प्लेट, फक्त वरच्या टोकाला बांधलेलं, त्यामुळे काँक्रीट व्हायब्रेट करताना खालचा भाग हलला आणि बोल्ट तिरपा झाला. M24, म्हणजे 24 मिमी जाडीच्या बोल्टला बेसप्लेटमध्ये (सांगाड्याच्या तळाच्या पत्र्यात) 30 मिमीचं भोक, म्हणजे सूट प्रत्येक बाजूला फक्त 3 मिमी. वेल्डर भोक मोठं करायला गॅस कटर घेऊन पुढे झाला. बेसप्लेटखालची फट नंतर ग्राउटनं, म्हणजे ओतायच्या पातळ मिश्रणानं, भरायची होती.

"दादा, कटर नको," मी म्हटलं. "जस्त जळेल, आणि गंज ग्राउटखालून सुरू होईल. दिसणारही नाही."

मॅग्नेटिक ड्रिलनं भोक लांबट केलं, कडा घासून साफ केल्या, जस्तयुक्त रंगाचे दोन हात दिले आणि वर 12 मिमी जाडीची चौकोनी वॉशर प्लेट टाकली. लेव्हल खालच्या नटांवर आणली.

शीड पहाटे चढलं. ग्राउट त्यानंतर: बेसप्लेटखाली 25 मिमी, न आकसणारं, नेहमी एकाच बाजूनं ओतायचं आणि समोरून बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. दोन्हीकडून ओतलं की मधोमध हवा अडकते आणि पहिल्या पावसात तिथं पाणी साठतं. वर ओली पोती, आणि ग्राउट पूर्ण ताकदीला आल्यावरच वरचे नट शेवटचे आवळायचे. पाटीचे स्टेनलेस बोल्ट नायलॉनच्या बुशमध्ये बसवले, नाहीतर खाऱ्या ओलीत शेजारचं जस्त आधी संपतं.