आमची वाटचाल: हळू चालणाऱ्या गाड्यांचं गॅरेज

पुण्यात मोटारसायकलच्या गॅरेजला तोटा नाही. आकुर्डी-चाकणला गाड्या बनतात, भोसरीच्या शेडमध्ये त्यांचे सुटे भाग बनतात, नाना पेठेत ते विकत मिळतात. त्यामुळे गाडीचा पिकअप वाढवून देणारा मिस्त्री कुठल्याही पेठेत सापडतो. आमच्याकडे येणारी गाडी मात्र हळू चालावी म्हणून येते.

ती गाडी ट्रायल्ससाठी असते. मोटारसायकलच्या या स्पर्धेत वेगाला गुण नसतात. दगड, ओढा, चढ, आडवे ओंडके असा आखलेला टप्पा, म्हणजे सेक्शन, पाय न टेकवता पार करायचा. पाय एकदा टेकला तर १ गुण, दोनदा टेकला तर २, त्याहून कितीही जास्त वेळा टेकला तरी ३. पडलात किंवा सेक्शनच्या कडेला लावलेल्या पट्टीबाहेर गेलात की ५. नॉनस्टॉप नियमाने स्पर्धा असेल तर गाडी जागेवर थांबली तरी ५. हे सगळे दंडाचे गुण, ज्याचे कमी तो पुढे. गाडीकडून काय हवं ते या हिशेबातूनच ठरतं: चालण्याच्या गतीला न अडखळणारं इंजिन, एका बोटावर सुटणारा क्लच, आणि दगडाला चिकटून राहणारं मागचं चाक. आमचा धंदा या तीन गोष्टींवर उभा राहिला.

सुरुवात रोजच्या गाड्यांच्या कामाने झाली: कार्बोरेटर, क्लचप्लेट, फोर्कचे ऑइलसील. ट्रायल्सची तयार गाडी कोपऱ्यावरच्या शोरूममध्ये मिळत नाही, म्हणून हौशी मुलं देशी गाडी कापून घ्यायला येऊ लागली. तेव्हापासून पहिला अर्धा तास आम्ही पाना हातात न घेता बोलण्यात घालवतो, कारण गाडी चुकीची निवडली तर पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो.

बुलेटवाले हमखास येतात. जॉनी ब्रिटन यांनी १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल्स बुलेटवर जिंकली, हे खरंच आहे. पण तो काळ जड फोरस्ट्रोकचा होता. १९६५ साली सॅमी मिलर यांनी तीच स्पर्धा हलक्या टूस्ट्रोक बुल्टाकोवर जिंकली आणि जड गाड्यांचे दिवस संपले. आजची ट्रायल्सची गाडी ६५ ते ७५ किलोची असते. बुलेटचं वजन त्याच्या साधारण अडीचपट. गुडघ्याएवढ्या दगडावर ती चढवताना चालवणाऱ्याचं मनगट आधी हार मानतं. बुलेट जपावी आणि चालवावी, सेक्शनसाठी कापू नये.

हिरोची एक्सपल्स २०० लोकांना आवडते, कारण पुढे २१ आणि मागे १८ इंची चाकं असल्याने ट्रायल्सचे टायर मापाला बसतात. वजन मात्र दीडशे किलोच्या वर आहे. शिकायला, नदीपात्रातल्या गोट्यांवर तोल सांभाळायला ती चांगली. पायरी चढवायला नाही. इम्पल्स १३४ किलोची, पण चाकं १९ आणि १७ इंची, म्हणजे दोन्ही रिम बदलणं आलं. यामाहा आरएक्स १०० शंभर किलोच्या आसपास, टूस्ट्रोक, आणि म्हणून मोहात पाडणारी. मात्र १९९६ नंतर ती बनलेली नाही. कागदपत्रं नीट असलेली, न कापलेली आरएक्स आमच्याकडे आली तर आम्ही तिला ग्राइंडर लावत नाही, गिऱ्हाइकालाच परत समजावतो. अपघातात फ्रेम गेलेली किंवा नुसतं इंजिन उरलेली असेल तर गोष्ट वेगळी. सगळ्यात समंजस पाया म्हणजे जुन्या स्प्लेंडरचं ९७ सीसी इंजिन. ताकद थोडी, पण हलकं, आणि त्याचे भाग गावोगावी मिळतात.

कायद्याचं आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मापाबाहेरचा असा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. म्हणून कन्व्हर्जनची, म्हणजे ट्रायल्ससाठी कापून बदललेली, गाडी टेम्पोतून न्यायची आणि टेम्पोतूनच आणायची. हे मान्य नसेल तर काम घेत नाही.

फ्रेमचं काम वाटतं त्यापेक्षा थोडं असतं. फूटरेस्ट मागे आणि किंचित खाली घेतो, कारण चालवणारा सगळा वेळ उभा असतो आणि त्याचं वजन दोन चाकांच्या मधोमध पडायला हवं. हँडलचा स्टॉपर घासून लॉक वाढवतो. टाकी आड येते म्हणून दोन-अडीच लिटरची अरुंद टाकी बसवतो. सायलेन्सर इंजिनखालून काढून बाजूने वर नेतो. खाली ४ ते ५ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट, आणि प्लेट व क्रँककेस यांच्या मधे रबर. रबर नसेल तर दगडाचा ठोका थेट केसिंगला बसतो आणि बोल्टाच्या कानापाशी तडा जातो.

मग गिअरिंग. प्रायमरी (क्रँकपासून क्लचपर्यंतचा) रेशो, पहिल्या गिअरचा रेशो आणि स्प्रॉकेटचा रेशो यांचा गुणाकार करायचा. समजा तो ३० आला आणि इंजिन १२०० फेऱ्यांवर घुमतंय, तर मागचं चाक मिनिटाला ४० फेरे मारतं. टायरचा घेर सुमारे २ मीटर, म्हणजे मिनिटाला ८० मीटर, तासाला ४.८ किमी. माणूस साधारण याच गतीने चालतो. आमची कसोटी हीच: पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, रेझ न देता गाडी सपाटीवर सोडायची आणि शेजारून चालायचं. धावावं लागलं तर गिअरिंग उंच आहे. पुढचा १ दात कमी करणं म्हणजे मागे साधारण ३ दात वाढवणं. पण पुढे फार लहान स्प्रॉकेट लावलं की चेन स्विंगआर्मच्या रबरावर घासते आणि लवकर ताणते, म्हणून आम्ही मागचं वाढवणं पसंत करतो.

इंजिन कमी फेऱ्यांत बंद पडू नये म्हणून मॅग्नेटवर, म्हणजे क्रँकच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकावर, लोखंडी रिंग बसवतो. सुरुवात ३०० ग्रॅमपासून. रिंग लेथवर एकाच सेटिंगमध्ये बाजू आणि मधलं भोक (बोअर) कापून घ्यायची, नाहीतर ती डगमगते आणि क्रँकचं बेअरिंग खाते. वजन वाढलं की इंजिन शांत होतं, पण रेझला उत्तर उशिरा देतं. शिकणाऱ्याला जास्त वजन, मुरलेल्याला कमी.

कार्बोरेटर हा आमचा सगळ्यात जास्त वेळ घेणारा भाग. मेन जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मोठ्या छिद्रावर, लोक तासन् तास घालवतात, पण तो रेझ जवळजवळ पूर्ण उघडल्यावर काम करतो आणि सेक्शनमध्ये ती वेळ क्वचितच येते. ट्रायल्स चालते पहिल्या अष्टमांश रेझवर, म्हणजे पायलट (छोटा) जेट आणि एअर स्क्रूवर; त्याच्या वर नीडलची क्लिप. इंजिन चांगलं गरम करायचं. एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर, मग पाव-पाव फेरा फिरवत आयडल सर्वात वर जातं ती जागा शोधायची. ती एका फेऱ्याच्या आत सापडली तर पायलट जेट एक माप मोठा हवा. अडीच फेऱ्यांच्या बाहेर गेली तर लहान. हा नियम एअर फिल्टरच्या बाजूच्या स्क्रूचा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, त्याला सगळं उलटं.

यानंतर रेझ चटकन देऊन सोडायची. फेरे वरच रेंगाळले आणि हळूहळू उतरले तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आयडलच्या खाली घसरून मग सावरले तर जाड. पातळ असेल तर जेटला हात लावण्याआधी इनटेकचं रबर वाकवून तडे बघावेत, आणि टूस्ट्रोकमध्ये मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकसील. ते सील गेलं की तिथून हवा ओढली जाते आणि कितीही जेट बदलले तरी हाती काही लागत नाही. पुण्यात पंपावर आता इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळतं. त्यात ऑक्सिजन आधीच असल्याने मिश्रण पातळ होतं, म्हणून जुन्या टूस्ट्रोकला पायलट एक माप वाढवावा लागतो. पेट्रोल टाकीत महिनोन् महिने राहिलं तर ते ओल धरतं आणि जेट हिरवे पडतात. गाडी उभी ठेवायची तर फ्लोटची वाटी रिकामी करूनच.

क्लचचं दुखणं दोन प्रकारचं. एक, लिव्हर जड. लोक क्लचच्या केसिंगवरचा आर्म लांब करून मागतात. त्याने लिव्हर हलकी होते खरी, पण तेवढ्याच ओढीत प्लेटा कमी उचलल्या जातात आणि क्लच पूर्ण सुटत नाही. आधी केबल बदलून, तिचा मोठा वळसा काढून, तेल सोडून बघावं. निम्म्या गाड्यांचं काम तिथेच होतं. दुसरं, क्लच चिकटणं. गरम इंजिनावर पहिला गिअर टाकून, लिव्हर दाबून गाडी ढकलायची. ओढ लागली की उघडायचं. स्टील प्लेट काचेवर ठेवून कडेने ०.१ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघतो. आत गेला तर प्लेट वाकली आहे. प्लेटा ज्यात बसतात त्या हाउसिंगच्या बोटांवर प्लेटांनी खाचा पाडल्या असतील तर सपाट कानसेने हलक्या हाताने घासायच्या, सगळ्या बोटांवर सारख्याच. खाचा खोल असतील तर हाउसिंगच बदलावं. लिव्हर दाबून-सोडून सेक्शन पार करणाऱ्याला चिकटणारा क्लच म्हणजे पुढे ढकलला जाणारा ५ गुणांचा दंड.

परदेशी बनावटीच्या गाड्या हाती येऊ लागल्यावर कामाचा पोत बदलला. बीटा, गॅसगॅस, शेर्को, टीआरएस या बहुतेक टूस्ट्रोक. माँटेसाची कोटा ४आरटी फोरस्ट्रोक, बॅटरीशिवाय फ्युएल इंजेक्शन चालवणारी. टोनी बोऊ २००७ पासून वर्षानुवर्षं माँटेसावरच विश्वविजेता होत आला, म्हणून फोरस्ट्रोकच घ्यावी असं अनेकांना वाटतं. आमचा सल्ला वेगळा असतो. नवशिक्याला इंजिन उघडून, पिस्टन-रिंग बदलून परत रविवारी चालवता येईल अशी टूस्ट्रोक बरी. २५० सीसीची मऊ ट्यूनची गाडी ३०० पेक्षा शिकायला सोपी.

जुनी गाडी बघताना रंग आणि स्टिकर सोडून द्यावेत. मागचं चाक उचलून स्विंगआर्म वर-खाली हलवा. लिंकेजची, म्हणजे स्विंगआर्म आणि शॉकअप जोडणाऱ्या दांड्यांची, बेअरिंगं गेली असतील तर हाताला खट जाणवते. रिमच्या कडा बोटाने चाचपा, कारण मागचा टायर ट्यूबलेस असतो आणि मुडपलेल्या कडेतून हवा जाते. हायड्रॉलिक क्लचच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. काही सिलिंडरना डॉट ४ (ब्रेकचं तेल) लागतं, काहींना मिनरल ऑइल. चुकीचं ओतलं की सील फुगतात आणि लिव्हर परतच येत नाही. टूस्ट्रोकचं ऑइल पेट्रोलच्या लिटरला १२ ते १६ मिलि, पूर्ण सिंथेटिक. रस्त्यावरच्या गाडीच्या सवयीने जास्त ओतलं तर इतक्या कमी फेऱ्यांत प्लग काळा पडतो.

टायरच्या हवेबाबत आम्ही कुणाचंही ऐकत नाही. ट्यूबलेस मागे ४ पाउंड, पुढे ५ ते ६. कन्व्हर्जनमध्ये ट्यूब असेल तर मागे ६ ते ८ आणि टायर रिमला आवळून धरणारा रिमलॉक लावूनच, नाहीतर टायर रिमवर फिरतो आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. पंपावरचा मीटर इथे कामाचा नाही, ० ते १५ पाउंडचा गेज हवा. आपल्याकडचा काळा बसाल्ट एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो. सावलीत ४ पाउंड भरलेली हवा २० अंश तापली की ५ च्या वर जाते. म्हणजे पाव भागाहून जास्त वाढ. म्हणून हवा सेक्शनपाशी, टायर गरम असताना बघायची. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर याच हवेला रेझ मात्र निम्मी द्यावी.

सस्पेन्शनचं थोडक्यात: फूटरेस्टवर उभं राहिल्यावर मागचा शॉकअप आपल्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश बसावा, आणि रिबाउंड, म्हणजे दबलेल्या शॉकअपचं परत उघडणं, इतका जलद हवा की पायरीवर चाक आदळल्यावर मागचा भाग लगेच वर येईल.

गाडी ताब्यात देताना आम्ही चालवण्याची तालीमही घेतो, कारण ट्यूनिंगचा कस तिथेच लागतो. हँडल पूर्ण लॉक करून पहिल्या गिअरमध्ये गोल. वजन बाहेरच्या फूटरेस्टवर, गाडी आत झुकलेली, शरीर बाहेर. डावी-उजवी दोन्हीकडे सारखं जमल्यावर साधारण २० सेंमीचा ओंडका. ओंडक्याआधी हलकी रेझ देऊन पुढचं चाक उचलायचं आणि ओंडक्याच्या वरच्या भागावर टेकवायचं. टेकताक्षणी दुसरी रेझ आणि गुडघे सरळ. मग लगेच रेझ बंद, क्लच आत, गुडघे पुन्हा मोडलेले, म्हणजे मागचं चाक वजनाविना वर लोळत येतं. बहुतेकांची दुसरी रेझ उशिरा पडते आणि प्लेट ओंडक्यावर आपटते. किलस्विचची दोरी मनगटाला आणि मागच्या स्प्रॉकेटला जाळी, या दोन गोष्टींशिवाय कुणालाही चालवू देत नाही.

सराव खासगी जागेत, मालकाच्या लेखी परवानगीने, बहुतेकदा बंद पडलेल्या खाणीत. वेताळ टेकडी किंवा वनखात्याच्या कुठल्याही टेकडीवर गाडी नेणाऱ्याचं काम आम्ही करत नाही. ती माती एकदा उखडली की पहिल्याच पावसात ओढ्यात जाते.

पावसाळा संपला की लिंकेज, स्टीअरिंग आणि चाकांची बेअरिंगं उघडून वॉटरप्रूफ ग्रीस भरण्याचं काम सुरू होतं. त्यासाठी गाडी धुवून, टाकी रिकामी करून आणावी. प्रेशरचं पाणी बेअरिंगवर मारू नये. सीलमागे शिरलेलं पाणी नुसत्या ग्रीसगनने बाहेर येत नाही, बेअरिंग खोलावंच लागतं.